काळी दोन

आमच्या घरात सगळ्या गायिकांना कायमचं पडसं झालेलं असायचं. बाजारातून नवी कोरी कॅसेट आणावी, डेकमध्ये घालावी आणि बाईंनी नाक चोंदल्यासारखं, जड आवाजात गायला सुरुवात करावी. शेजारीण एकदा दारातून म्हणाली, "आक्का, तुमच्या टेपला जरा आल्याचा च्या पाजा की." आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढं कित्येक वर्षं तो विनोद घरात चालला, पण डेक नीट करून घ्यावा असं काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. चालत होता ना, मग झालं.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि हे. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही आणि या वयात ती लावूनही घ्यायची नाही. हे साखर कारखान्यात नोकरीला होते, पण जीव सगळा पेटीत. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. वस्तीतल्या गायन पार्टीत हे पेटीवर बसायचे. एप्रिलातली जयंती जवळ आली की महिनाभर आधीपासून आमच्या खोलीत तालीम भरायची. एक ढोलकी, एक झांज, कोरसला दांडगे दांडगे गळे आणि कोपऱ्यात शिलाई मशीनवर मी. मी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायचे, त्यामुळं तो माझ्याही कामाचा हंगाम. मशीन खडखडायला लागलं की हे मान न वळवता म्हणायचे, "रेकॉर्डिंग चाललंय." मी म्हणायचे, "माझं बी चाललंय." मग हात जोडले जायचे आणि मी पायडलवरचे पाय काढायचे.

मूल आम्हाला झालं नाही. त्यावर वस्तीनं पुरेसं बोलून घेतलेलं आहे, मी वेगळं काही बोलत नाही. खोलीत माणसं एवढी असायची की घर रिकामं आहे असं तेव्हा कधी वाटलंच नाही.

डेक ह्यांनी नव्वदच्या सुरुवातीला कुणाकडून तरी जुना घेतला होता. प्लायवुडचे दोन बॉक्स सुताराकडून करून घेतले. थोड्याच वर्षांत त्याचा पट्टा तुटला. डेकच्या आत एक छोटी मोटर असते, तिच्यावरून एक रबरी पट्टा मोठ्या चाकाला गेलेला असतो आणि ते चाक कॅसेटची टेप ओढतं. शिलाई मशीनचंच तत्त्व, फक्त पाय मोटरचे. नवा पट्टा राजारामपुरीत कुठंही मिळाला असता. पण कोल्हापुरात सायकलच्या ट्यूबनं दुरुस्त होत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची आहे. कॅरिअरला ओझं बांधायचं, आणा ट्यूब. बादलीची कडी निसटली, आणा ट्यूब. ह्यांनी माझीच कात्री घेतली, ट्यूबची बारीक कडी कापली आणि बसवली. कात्रीची धार गेली म्हणून मी दिवसभर बोलले नाही. कडी जरा जास्तच घट्ट होती. मोटरला ओढायला जड जायचं आणि डेक थोडा हळू चालायचा. त्या दिवसापासून गायिकांना पडसं.

आणि त्या दिवसापासून ह्यांनी जी जी कॅसेट भरली ती सगळी त्या हळू चालणाऱ्या डेकवर. आमच्याच डेकवर भरायची, आमच्याच डेकवर ऐकायची, त्यामुळं आवाज आम्हाला बरोब्बर यायचा. फसगत व्हायची ती कॅसेट बाहेर गेली की.

ह्यांची एक पद्धत होती. पार्टीतली काही माणसं कुरुंदवाडची होती. ती रोज तालमीला येऊ शकायची नाहीत, म्हणून गाणी कॅसेटमध्ये भरून त्यांना द्यायची. गाणं कुठल्या सुरात आहे हे त्यांना कळावं म्हणून प्रत्येक कॅसेटच्या अगदी सुरुवातीला हे सूर भरून ठेवायचे. आधी तोंडानं सांगायचे, "काळी दोन." म्हणजे पेटीची दोन नंबरची काळी पट्टी. मग तो सूर नुसता धरलेला, लांबलचक. त्यानंतर गाणं. कुरुंदवाडकरांनी घरी कॅसेट लावायची, आपल्या पेटीवर तो सूर जुळवायचा आणि पुढं तालीम करायची.

एकदा त्यांच्यातला म्होरक्या तक्रार घेऊन आला. "दादा, तुमची काळी दोन आमच्यात पांढरी तीनला लागती की वं."

हे म्हणाले, "तुमची पेटी उतरल्याली असणार."

"नवी हाय पेटी."

"मग नवी असून उतरल्याली हाय."

कुरुंदवाडकरांनी ते मान्य केलं, कारण पेटीच्या बाबतीत ह्यांच्यापुढं कुणी बोलायचं नाही. त्यांच्या डेकवर आमची हळू भरलेली कॅसेट वेगानं पळत होती आणि सूर एक पट्टी वर चढत होता, हे ना त्यांना सुचलं ना ह्यांना. ती माणसं बिचारी वर्षानुवर्षं एक पट्टी वर गळा ताणून तालीम करायची आणि स्टेजवर आल्यावर त्यांना गाणं एकदम सोपं वाटायचं. हे अभिमानानं म्हणायचे, "कुरुंदवाडचा गळा म्हंजी गळा!" मीही मान डोलवायचे. मला तरी कुठं काय कळत होतं!

हे गेले ते दोन हजार सालानंतर लगेच. सकाळी डबा घेऊन कारखान्यात गेले, दुपारी कारखान्याची गाडी दारात आली. त्याबद्दल मला लिहायचं नाही. पुण्यानुमोदनाला माणसं खूप आली, पार्टीनं गाणी म्हटली, पेटीशिवाय. पेटी मी त्याच दिवशी विहाराला दान दिली. घरात ठेवून तिच्याकडं बघत बसायचं बळ माझ्यात नव्हतं. डेकवर मात्र एक जुनं लुगडं टाकलं आणि तो जिथल्या तिथं राहू दिला.

पार्टी मोडली. कोण पुण्याला गेलं, कुणी घरं बदलली, ढोलकीवाले भाऊजी राजारामपुरीत रिक्षा चालवू लागले. भाऊ गगनबावड्याहून यायचा आणि तिकडं चल म्हणायचा. तिथं आठ आठ दिवस वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, आणि भावजयीच्या घरात माझं मशीन कुठं मांडायचं? मी नाही म्हटलं. पण खरं सांगायचं तर एकटं वाटायचं. सांगायला लाज कसली? दिवसभर मापं द्यायला बायका यायच्या, बोलायच्या, जायच्या. संध्याकाळी मी मशीनला झाकण घालायचे आणि खोलीत आवाज म्हणून काही उरायचं नाही. आता रेकॉर्डिंग चाललंय म्हणून मशीन थांबवा असं सांगणारं कुणी नव्हतं. मी वाटेल तितका वेळ मशीन चालवू शकत होते.

मग महापूर आला. पाणी उतरल्यावर काही आठवड्यांनी कुरुंदवाडचा तो म्होरक्या भेटायला आला. उंबऱ्यात बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "वैनी, दादाच्या कॅसेटी समद्या गेल्या. पेटारा उघडला तर निस्ता चिखूल." तो रडायला लागला. मी त्याला म्हटलं, घर राहिलं, माणसं राहिली, कॅसेटींचं काय एवढं. समजूत घालताना माणूस काहीही बोलतो.

तो गेल्यावर मी लुगडं बाजूला केलं. डेकच्या खिडकीतून आत एक कॅसेट दिसत होती. शेवटची लावलेली, अर्धी या चाकावर, अर्धी त्या चाकावर. बाकीच्या भरलेल्या सगळ्या कुरुंदवाडला गेलेल्या, म्हणजे ह्यांचा आवाज जगात आता एवढ्यातच उरला होता. एखादं रेकॉर्डिंग वगळता माझ्याकडं ह्यांचा दुसरा आवाज नव्हता, आणि ते एखादं म्हणजे हेच.

मी बटण दाबलं. आत मोटर गूं गूं करत राहिली, पण चाक हललं नाही. कॅसेट बाहेर काढायचं बटण दाबलं, तर झाकण उघडलं आणि टेप आत कुठंतरी अडकून ताणली गेली. मी घाबरून झाकण पुन्हा लावलं. डेक लुगड्यात गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन राजारामपुरीत गेले.

पहिल्या दुकानातल्या पोरसवदा मालकानं डेक उघडायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. "मावशी, भंगारात घाला. सीडी प्लेअर घ्या." मी त्याला म्हटलं, तुझ्या आजीला बी भंगारात घाल. त्यानंतर आणखी दोन दुकानं झाली, तिथंही तेच. शेवटी एका क्लासच्या जिन्याखाली एक जुने मेकॅनिक सापडले. मोबाईलचे चार्जर दुरुस्त करत बसले होते. त्यांनी डेक उघडला. ट्यूबच्या कडीचं पार डांबर झालं होतं, काळं, चिकट. टेप आतल्या रबरी रोलरला गुंडाळून घट्ट बसली होती.

"टेप कापून काढाय लागंल, वैनी. पट्टा नवा घालतो, मग ओक्के."

"टेप कापायची न्हाय."

"तेवढा तुकडा जाईल, बाकीची जोडता येती की."

"त्या तुकड्यात काय हाय ते तुमाला म्हाईत हाय का?"

"न्हाय. तुमाला?"

मलाही माहीत नव्हतं, म्हणूनच कापू द्यायची नव्हती. ते म्हणाले, मग घरी बसून हातानं सोडवा, चाक हातानं फिरवा, मला एवढा वेळ न्हाय. मी डेक उचलला आणि घरी आणला.

आता गंमत बघा. शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला पहिला धडा मिळतो तो हा की चाक कधी उलटं फिरवायचं नाही. उलटं फिरवलं की दोरा तुटलाच. माझ्या सासूबाईंनी हातावर फटके मारून मला ते शिकवलं होतं. मी डेक उघडून बसले, बोट चाकावर ठेवलं आणि इमानदारीनं सुलटं फिरवलं. टेप आणखी एक वेढा घेऊन बसली. मी आणखी फिरवलं, ती आणखी आवळली. घाम फुटला तेव्हा लक्षात आलं की इथं उलटंच फिरवायला हवं, जसं गुंडाळलं तसं मागं. पण हात तयार होईना. बोट चाकावर ठेवलं की आपोआप सुलटं जायचं. शेवटी मी डेकच फिरवून उलट्या बाजूनं बसले, तेव्हा कुठं हाताला वाटलं की आपण बरोबर करतोय. एकेक वेढा सुटत गेला. टेप बाहेर आली ती सुरकुतलेली, पण अखंड. तिच्यावरून तळहात फिरवून मी ती सारखी केली आणि कॅसेटमध्ये गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकांकडं गेले. त्यांनी टेपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाले, "हात चांगला हाय." डांबर झालेली कडी खरवडून टाकली, नवा पट्टा घातला, मोटरलाही काहीतरी केलं. मग आपल्याकडची बाजारातली एक कॅसेट लावली. बाई गायला लागली. स्वच्छ, मोकळा आवाज. इतक्या वर्षांचं पडसं गेलं होतं. मला हसू आलं, आणि हसू सांगायला शेजारी कुणी नाही हेही लगेच कळलं.

"आता तुमची लावतो," ते म्हणाले.

आधी ढोलकी आली. मग एक बारका, चिरका, घाईघाईचा आवाज आला. शाळेतल्या पोरासारखा. कुणीतरी ह्यांची नक्कल करत होतं. शब्द ह्यांचे, खोकला ह्यांचा, मधेच "हां, पुन्यांदा" म्हणायची पद्धत ह्यांची, आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा.

"झ्याक लागलंय की," मेकॅनिक म्हणाले.

"ह्यो आवाज आमच्या मालकांचा न्हाय."

"वैनी, माणूस जाऊन लई दिस झालं की असं वाटतं." ते चांगुलपणानं बोलले, पण मला राग आला. घरी आणून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

माझी पहिली समजूत अशी की नवा पट्टा वाईट. ट्यूबच्या कडीवर आवाज बरोबर येत होता, तर ट्यूबची कडी घालावी. मी सायकलवाल्याकडून ट्यूबचा तुकडा आणला, ह्यांच्यासारखीच कडी कापली, ह्याही वेळी कात्री माझीच, पण राग धरायला समोर कुणी नाही. कडी बसवली तर हे दारू प्यायल्यासारखे बोलायला लागले. आयुष्यात ज्यांनी थेंब घेतला नाही ते! दुसरी कडी कापली, जरा ढिली. ती घसरायला लागली आणि आवाज एकदा जाड, एकदा बारीक. मी सगळ्या कड्या फेकून दिल्या, नवा पट्टा परत चढवला आणि मेकॅनिकांकडं जाऊन भांडले.

ते शांतपणे म्हणाले, "वैनी, वेग कमी-जास्त कराय मोटरच्या मागं एक बारकं भोक हाय. आत स्क्रू हाय. फिरवा की पायजे तसा. पण कुटं थांबायचं? माझ्याकडं बाजारातल्या कॅसेटीचं माप हाय, त्या मापानं मी बरोबर लावून दिलंय. तुमच्या मालकांचा आवाज मी ऐकल्याला न्हाय. त्याचं माप तुमच्याकडंच असणार."

खरं होतं. मी घरी आले, मशीनचा बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मोटरच्या भोकात घातला. थोडा फिरवला. आवाज जाड झाला. हां, हे. आणखी थोडा फिरवला. हेही हेच. थोडा मागं घेतला. हेही हेच, थोडे तरुण. मी सगळी दुपार तो स्क्रू पुढं-मागं करत बसले आणि संध्याकाळी मला एक गोष्ट लख्ख कळली. ह्यांचा आवाज मला आठवत नव्हता.

हे काय बोलायचे ते आठवत होतं. कसे हसायचे, कुठं थांबायचे, रागावले की कुठला शब्द खायचे, सगळं. पण आवाज? तो कसा होता हे मला आतून ऐकू येत नव्हतं. कुणी काही म्हणो, माणूस गेल्याच्या दिवशीसुद्धा मला एवढं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान ते मला ठाऊक तरी होते.

मी ढोलकीवाल्या भाऊजींना बोलावलं. ते रिक्षा दारात लावून आले, मांडी घालून बसले. मी आवाज लावला. "व्हय की वैनी, असाच," ते म्हणाले. मी स्क्रू थोडा फिरवला. "व्हय, आता अगदी असाच." मी मुद्दाम भलताच फिरवला, हे म्हशीसारखे हंबरायला लागले. भाऊजींनी डोळे पुसले. "दादा समोर बसल्यागत वाटतंय, वैनी." मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. माणूस चांगला, पण माप म्हणून कुचकामी.

त्याच आठवड्यात रविवारी विहारात वंदनेला गेले होते. वंदना झाल्यावर एक नवशिका पोरगा पेटी घेऊन बसला. आमचीच पेटी. भाता भसाभसा ओढत होता आणि पट्ट्या चाचपत होता. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "ह्येला काळी न्हाय कळत, पांढरी न्हाय कळत." आणि मला कुरुंदवाडच्या म्होरक्याची तक्रार आठवली. तुमची काळी दोन आमच्यात पांढरी तीनला लागती.

मी बसल्या जागी उभी राहिले. पेटी उतरलेली नव्हती! नव्हतीच कधी. आमचा डेक हळू होता आणि कुरुंदवाडचा बरोबर होता, आणि ह्यांची कॅसेट तिकडं जाऊन एक पट्टी वर चढायची. जे कुरुंदवाडला झालं तेच मेकॅनिकांच्या दुकानात झालं. आणि ह्यांची पद्धत! प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला काळी दोन भरलेली. आवाज मी विसरले असेन, पण पेटी समोर होती. तिची काळी दोन कुणाच्या आठवणीवर अवलंबून नव्हती. कॅसेटमधली काळी दोन या पेटीच्या काळी दोनला जुळली की हे बरोबर. मग मला आठवो न आठवो.

मी पोराला सांगितलं, पेटी एका दिवसासाठी घरी न्यायची आहे. विहाराच्या मंडळींनी कशाला म्हणून विचारलंही नाही. भाऊजींच्या रिक्षातून पेटी घरी आली. तिला माझ्या खोलीत ठेवल्यावर भाऊजी म्हणाले, "मी थांबू का?" मी नको म्हटलं. ते पुन्हा प्रत्येक सुराला व्हय की, व्हय की म्हणणार.

थांबवून घ्यायला हवं होतं असं मात्र काम सुरू केल्यावर वाटलं, कारण ते काम दोन माणसांचं आहे. एकानं भाता मारायचा आणि पट्टी दाबून सूर धरायचा, दुसऱ्यानं कान देऊन स्क्रू फिरवायचा. माझे हात दोन. डावा हात भात्याला लागला, उजवा स्क्रूला. पट्टी कोण दाबणार? मी पायानं दाबून पण बघितलं, हसू नका. शेवटी ब्लाउजच्या अस्तराची एक चिंधी घेतली, काळी दोन दाबली आणि चिंधीची घडी तिच्या फटीत अशी खुपसली की पट्टी दबलेलीच राहिली. भाता मारला की सूर येत राहायचा.

मेकॅनिकांनी बजावलं होतं की ही टेप बटणानं मागं पळवू नका, सुरकुतलेली आहे, तुटेल. त्यामुळं मी आजवर कॅसेट सुरुवातीला नेलीच नव्हती, मधूनच ऐकत होते. आता पेन्सिल घातली आणि हळूहळू सगळी टेप मागं गुंडाळली. डेक आडवा करून बसवला, त्याची पाठ उघडी. दुपारची वेळ होती, वस्ती कामावर गेलेली. बटण दाबलं.

"काळी दोन," कुणीतरी चिरक्या आवाजात म्हणालं आणि सूर सुरू झाला.

मी भाता मारला. दोन सूर एकमेकांना भिडले आणि कानात नुसती कचकच झाली. कॅसेटमधला वर, पेटीतला खाली. स्क्रू थोडा फिरवला, पण तेवढ्यात टेप किती पुढं गेली या धास्तीनं बंद केली. पेन्सिलनं मागं घेतली. पुन्हा लावली. पुन्हा थोडा स्क्रू. कचकच कमी झाली आणि तिच्या जागी सुरात एक थरथर आली, भरभर. पुन्हा मागं, पुन्हा स्क्रू. थरथर मंद झाली. कापड दोन हातांनी झटकावं तसे दोन्ही सूर मिळून हेलकावे घेत होते. मनगट दुखायला लागलं. भाता थांबवला तर पेटी गप्प, म्हणून थांबवता येईना. किती वेळा मागं घेतलं, मोजलं नाही. हेलकावे लांब लांब होत गेले. मग एक लांब हेलकावा आला, तो गेला आणि दुसरा आलाच नाही.

एकच सूर होता. कॅसेटमधला कुठला, पेटीतला कुठला, मला सांगता येईना. मी स्क्रूवरचा हात काढून घेतला. या वेळी डेक बंद केला नाही. भाता मारत राहिले आणि टेप पुढं जाऊ दिली.

मग कॅसेटमधला सूर तुटला. डेकमध्ये शांतता झाली आणि त्या शांततेत हे बोलले.

"का गं, सोडलंस?"

हेच ते. हाच आवाज. जरा जड, जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. मला आठवावंही लागलं नाही. मी ऐकला आणि ओळखला.

आणि त्याच्यामागून एका तरुण बाईचा आवाज आला, लांबून, घाईत. "अवं, दूध उतू चाललंय."

मी दचकले. ती मी होते. इतकी वर्षं मी समजत होते की सूर हेच धरत असतील. त्या कॅसेटला तरी ह्यांनी मला पेटीवर बसवलं होतं आणि स्वतः डेकपाशी बसले होते. सूर मी धरला होता, आणि दुधापायी सोडून पळाले होते. हे हसले. ढोलकीवर थाप पडली. कुणीतरी म्हणालं, "वैनीबिगार घ्या आता," आणि गाणं सुरू झालं.

खोलीत काळी दोन अजून वाजत होती. कॅसेटमधली थांबली होती, ही पेटीतली. ह्यांनी विचारलं तेव्हा मी सोडलेलं नव्हतं. माझा हात भात्यावर होता, आणि गाणं संपेपर्यंत मी तो काढला नाही.